तारनाका ते अफझलगंज

स्मरणिकेसाठी हैदराबाद शहरातल्या संस्था वाटून घेतल्या तेव्हा तारनाक्याची प्रयोगशाळा माझ्या वाट्याला आली. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, घरही जवळच हब्शीगुड्याला, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. कागदोपत्री तिचं नाव भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयसीटी. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र अजून ‘आरआरएल’च. तिच्या इतिहासात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी त्यातलं एचआयव्हीवरचं एकच औषध धरून बसणार आहे. ते औषध बनवण्याची रीत इथे, तारनाक्याला, हाती लागली. इथून शहरबसनं तासाभरात अफझलगंजचं उस्मानिया रुग्णालय येतं. तिथल्यासारख्या सरकारी दवाखान्यात गरिबाच्या हातावर ते फुकट पडायला मात्र अकरा वर्षांहून कमी लागली नाहीत. संस्थेचा इतिहास लिहायचा तर ही अकरा वर्षंही त्यात मोजावीत, असं माझं मत आहे.

प्रयोगशाळा निघाली १९४४ साली. दुसरं महायुद्ध चालू होतं, बाहेरून येणारा माल अडला होता, आणि निजाम सरकारनं संस्थानाच्या उद्योगांसाठी ‘सेंट्रल लॅबोरेटरीज फॉर सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च’ या लांबलचक नावाची संस्था उभी केली. संस्थान म्हणजे नुसता तेलंगण नव्हे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे त्यात होते. तेव्हा ज्या तिजोरीतून ही प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्यात मराठवाड्याच्या कुणब्याचा साराही पडलेला होता. मराठी वाचकानं हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

सुरुवातीचं काम संस्थानातल्या मालाभोवतीच फिरत होतं: सिंगरेणीचा कोळसा, एरंडीसारख्या गळिताच्या धान्यांची तेलं, चिनीमाती. डॉ. सय्यद हुसेन झहीर यांनी तिला आकार दिला. तेच पुढे १९६२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. १९५६ साली संस्था सीएसआयआरकडे गेली आणि तिचं नाव रिजनल रिसर्च लॅबोरेटरी पडलं. त्याच वर्षी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. प्रयोगशाळा अर्थातच हैदराबादला राहिली. १९८९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

औषधांकडे ती वळली त्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे १९७० चा पेटंट कायदा. १९७२ पासून तो अमलात आला आणि औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं. मिळालं तर ते बनवण्याच्या रीतीवर. तोच रेणू दुसऱ्या वाटेनं बनवून दाखवणाऱ्या केमिस्टला देशात मोकळं रान मिळालं. दुसरी गोष्ट म्हणजे बाळानगरचा आयडीपीएलचा सरकारी कारखाना. बल्क ड्रग म्हणजे काय, रिअ‍ॅक्टर कसा चालवायचा, बॅच बिघडली तर कुठे पाहायचं, हे हैदराबादच्या एका अख्ख्या पिढीनं तिथे शिकून घेतलं. डॉ. के. अंजी रेड्डी त्यांतलेच. मुंबईच्या यूडीसीटीत शिकून, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६९ साली पीएच.डी. करून ते आयडीपीएलला आले आणि १९८४ साली त्यांनी स्वतःची डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. पुणे-हैदराबाद ही वाट रसायनशास्त्रात तेव्हा अशी रोजच्या पायाखालची होती.

त्याच वाटेनं १९८५ साली डॉ. ए. व्ही. रामाराव तारनाक्याला संचालक म्हणून आले. मूळचे गुंटूरचे, पण त्यांच्या उमेदीची दोन दशकांहून अधिक वर्षं पुण्यात पाषाण रोडवरच्या त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली होती. सदाफुलीतून निघणारी व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन ही कर्करोगावरची औषधं बनवण्याची रीत त्यांनी तिथे बसवली आणि ती मुंबईच्या सिप्ला कंपनीनं घेतली. सरकारी प्रयोगशाळेनं रीत शोधायची आणि खासगी कारखान्यानं ती टनावारी चालवायची, हा त्यांचा शिरस्ता. हैदराबादला येताना तो त्यांनी बरोबर आणला.

आता रोगाकडे. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी एस. निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत भारतातला पहिला एचआयव्ही सापडला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्या काळी डॉक्टरसुद्धा या रुग्णाला हात लावायला कचरत होते. अशा वेळी त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि अखेरपर्यंत रुग्णांत राहिल्या. २०१५ साली त्या गेल्या. मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी वाचकाला त्यांचं नाव अजून पुरेसं ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

या रोगावरचं पहिलं औषध अझिडोथायमिडीन, एझेडटी, म्हणजेच झिडोव्हुडीन. अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी ते १९६४ सालीच बनवलं होतं, कर्करोगासाठी. तिथे ते चाललं नाही आणि कपाटात पडून राहिलं. मार्च १९८७ मध्ये एड्सचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि किंमत लागली वर्षाला सुमारे १०,००० डॉलर.

त्याचं काम कसं चालतं ते मी वर्गात आगगाडीच्या डब्यांवरून सांगत असे. विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनएची साखळी तयार करतो, डब्याला डबा जोडत जावा तशी. थायमिडीन हा त्यातला एक डबा. त्याच्या मागच्या टोकाला जिथे पुढची जोडणी व्हायची तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट असतो. एझेडटीत तो काढून तीन नायट्रोजनचा अ‍ॅझाइड गट बसवलेला असतो. डबा हुबेहूब तोच, पण मागचा हूक गायब. विषाणू फसून तो जोडतो आणि पुढची गाडी जोडलीच जात नाही.

बनवताना गोम अशी, की गट सरळ बदलायला गेलं तर रेणूचा तो कोपरा उलटा पडतो. वर असायचं ते खाली जातं. म्हणून आधी मुद्दाम एकदा उलटवायचं आणि मग अ‍ॅझाइडनं पुन्हा उलटवायचं. दोनदा उलटलं की सुलट. फळ्यावर हे चार ओळींत होतं. पण सोडियम अ‍ॅझाइड विषारी, तांब्याशी-शिशाशी गाठ पडली तर स्फोटक, आणि मुळात लागणारं थायमिडीन महाग. किलोकिलोनं, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात ते जमवणं ही खरी परीक्षा होती. रामारावांच्या चमूनं ती रीत बसवली, सिप्लानं ती घेतली आणि १९९३ साली झिडोव्हुडीन भारतीय बाजारात आलं.

औषध आलं, पण रुग्णापर्यंत गेलं नाही. दिवसाचा खर्च दोनेक डॉलर, तेव्हाच्या हिशेबानं साठ रुपयांच्या घरात. परदेशातल्या किमतीपुढे हे काहीच नव्हतं, पण शेतमजुराची दिवसाची मजुरी त्याच्या निम्मीही भरत नव्हती. सिप्लाचे युसुफ हमीद यांनी ही हकिगत पुढे जाहीरपणे सांगितली आहे: सरकारनं औषध विकत घेऊन वाटावं म्हणून ते गेले, तेव्हा पैसा तपासणी आणि प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही, असं उत्तर मिळालं. बनवलेल्या कॅप्सूल शेवटी टाकून द्याव्या लागल्या.

हे उत्तर नुसतं निर्दय होतं असं मी म्हणणार नाही. एकट्या एझेडटीचा गुण फार दिवस टिकत नव्हता, विषाणू लवकरच त्याला सरावत होता. आरंभीचा डोसही जबर होता, दर चार तासांनी, आणि रक्त उतरायचं. तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबून राहतो हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. पण त्यानंतरची आठ वर्षं? त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. उपाय माहीत होता, तो बनवणारे हात याच देशात होते, आणि तरी माणसं जात राहिली. नांदेड-लातूरकडच्या गावांत त्या वर्षांत घरातला कर्ता पुरुष आधी गेला, मग बाई, आणि लेकरं आजीकडे राहिली, अशी घरं सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘टीबी होता’ एवढंच सांगितलं जायचं.

कोंडी फुटली ती बाहेरच्या देशांकडे पाहून. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सच्या सभेत हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ८०० डॉलरला देऊ केला. फेब्रुवारी २००१ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेला तो ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली, म्हणजे रोज एका डॉलरहून कमी. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या देशांनी ही औषधं मागायला सुरुवात केली आणि मग हैदराबादच्या कारखान्यांनी जोर धरला. हेटेरो, ऑरोबिंदो, मॅट्रिक्स ही सगळी नावं याच शहरातली. २००३ साली क्लिंटन फाउंडेशननं ज्या भारतीय कंपन्यांशी करार करून वर्षाचा खर्च १४० डॉलरच्या खाली आणला, त्यांत मॅट्रिक्स होती. विकसनशील देशांत देणगीच्या पैशांतून घेतल्या जाणाऱ्या एचआयव्हीच्या औषधांत पुढे चार-पंचमांशाहून अधिक माल भारतीय कारखान्यांचा होता. आयआयसीटीत तयार झालेली माणसं आणि तिथली शिस्त या कारखान्यांत ठायी ठायी दिसते. रामारावांनी स्वतः निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, इथेच अवरा लॅबोरेटरीज काढली.

या वैभवाची किंमत कुणी भरली तेही इथेच लिहायला हवं. पाटणचेरू आणि बोलारमच्या औद्योगिक वसाहतींचं सांडपाणी नक्कावागू आणि इसकावागू या ओढ्यांत गेलं. काठच्या गावांच्या विहिरी आणि भातखाचरं गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. स्वस्त गोळीच्या गौरवाच्या लेखात त्या गावांना जागा नसणं मला पटत नाही.

आपल्या देशात मोफत उपचाराची घोषणा ३० नोव्हेंबर २००३ रोजी तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी केली आणि १ एप्रिल २००४ पासून एआरटी केंद्रं सुरू झाली. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू, मणिपूर, नागालँड ही जास्त लागण असलेली सहा राज्यं आणि दिल्ली, इथून सुरुवात. आज उस्मानिया, गांधी, एर्रगड्ड्याचं छातीचं रुग्णालय अशी शहरात केंद्रं आहेत. २००४ च्या उपचारातलं एक औषध झिडोव्हुडीन होतं. संपादकांनी लेखाबरोबर सनावळी मागितली तेव्हा मी १९९३ च्या समोर हे २००४ लिहून दिलं. तंत्रज्ञान कारखान्याला कधी दिलं याचा रकाना सगळे ठेवतात. ते रुग्णाला कधी मिळालं याचाही ठेवावा.

फुकट गोळी म्हणजे बरं आयुष्य, असं मात्र लगेच झालं नाही. पहिल्या वर्षांत रोगप्रतिकाराच्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरूच होत नसे, म्हणजे माणूस अंथरुणाला खिळायच्या बेतात आला की मग. झिडोव्हुडीननं ज्यांचं हिमोग्लोबिन उतरे त्यांना स्टॅव्हुडीन दिलं जाई. त्यानं जीव वाचायचा, पण तळपायांची आग व्हायची, गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. गावात लोक चेहऱ्यावरून ओळखू लागले. ज्या गोळीनं जगवलं तिनंच चुगली केली. स्टॅव्हुडीन यथावकाश बंद झालं, दिवसाला एकच गोळी असा उपचार आला, आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की औषध, असा नियम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात डोल्युटेग्राव्हिर असलेली नवी एकत्रित गोळी गरीब देशांना वर्षाला सुमारे ७५ डॉलरला देण्याचं जाहीर झालं. ती देणारे दोन कारखाने होते ऑरोबिंदो आणि मायलन लॅबोरेटरीज. मायलन लॅबोरेटरीज म्हणजे पूर्वीची मॅट्रिक्स, त्यामुळे दोन्ही आपल्याच शहरातले. नियमानं गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. लग्न, मूल, संसार हे शब्द या माणसांच्या बोलण्यात परत आले ते यामुळे.

निवृत्तीनंतर शहरातल्या एका केंद्रात मी आठवड्यातून एक दिवस दुभाष्या म्हणून बसत असे. समुपदेशक बाई तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या, आणि समोर देगलूर, बिलोली, मुखेडकडची म्हातारी माणसं. त्यांच्या जिल्ह्यात केंद्र आहे, तरी ती रात्रीची एसटी किंवा गाडी धरून इथे येतात. कारण एकच. तिथे रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला आणि रुग्णाची माहिती फोडायला त्यानं बंदी घातली. पण कायदा रांगेत उभा राहत नाही. तेलंगणात या रुग्णांना सरकारी निवृत्तिवेतन आहे, महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आहे. अर्ज करायचा म्हणजे मात्र गावच्या तलाठ्याला आजार सांगायचा. बरेच जण पैसे सोडतात, गुपित राखतात.

पुरवठाही कधी कधी आटतो. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर देशात औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात रुग्ण चाळीस दिवसांहून अधिक धरणं धरून बसले. ही औषधं सगळ्या जगाला पुरवणाऱ्या देशात ते झालं. एरवी तीन महिन्यांच्या मिळणाऱ्या गोळ्या आठ-पंधरा दिवसांच्या मिळू लागल्या, की लांबून येणाऱ्याची मजुरी आणि भाडं मिळून महिना बुडतो. गोळ्या पुन्हा पुन्हा चुकल्या की औषधाचा जोर उणावतो, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही.

तारनाक्याची प्रयोगशाळा आपल्या वाटेनं चालतेच आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी फॅव्हिपिराविर बनवण्याची रीत तिनं बसवली आणि ती पुन्हा सिप्लालाच दिली. एचआयव्हीत आता लेनाकापाव्हिर आलं आहे. सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचं, लागण होऊच नये म्हणून. अमेरिकेत २०२५ साली त्याचा वर्षाचा दर २८,००० डॉलरच्या वर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याकडून ते २०२७ पासून १२० देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळेल असं जाहीर झालं. पुन्हा हैदराबाद. यावेळी वाटेतल्या वर्षांचा आकडा किती राहतो ते मला पाहायचं आहे.

मी दुभाष्या म्हणून बसत असे त्या केंद्रातली एक दुपार सांगतो. मार्च संपत आला होता. मुखेडकडच्या एक मावशी समोर बसल्या होत्या, साठीच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन एकर कोरडवाहू रान, आणि दहा वर्षांहून जास्त काळ गोळ्या चालू. समुपदेशक बाईंनी त्यांची जुनी डबी झाकणात उपडी केली आणि उरलेल्या गोळ्या बोटानं सरकवत मोजल्या. चार निघाल्या. कार्डावरच्या हिशेबाशी त्या बरोबर जुळल्या. मग तीन महिन्यांच्या तीन डब्या पुढे ठेवून त्यांनी कार्डावर पुढची तारीख घालायला पेन उचललं.

मावशींनी बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, मिरगाच्या तोंडावर तारीख नका देऊ म्हणावं बाईला. पेरणी सोडून कशी येऊ मी?”

मी दखनीत सांगितलं. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं, गोळ्यांचा हिशेब पुन्हा केला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घातली. मावशींनी ती मला दोनदा वाचायला लावली. मग कमरेची पिशवी सोडून तिच्यातून कापूस काढला, घरच्या रानातला, सरकी काढून पिंजलेला. एकेका डबीचं झाकण उघडून त्या गोळ्यांवर तो बेतानं दाबून बसवत गेल्या. तिसरी डबी बंद केल्यावर ती कानाशी धरून हलवून पाहिली. आवाज येत नव्हता.